शाळेतल्या मुलांवरचा अभ्यास: मुख्याध्यापकांची सही पुरेल का?

सायली_पीएसएम:
गोवंडीतल्या पालिका शाळेत 6 ते 9 वयाच्या मुलांना लोहाची गोळी आठवड्यातून एकदा द्यावी की दोनदा, अशा तुलनेचा संशोधन-प्रस्ताव एथिक्स कमिटीसाठी (संशोधन नैतिक आहे का ते तपासणारी समिती) लिहितेय. दोनदा रक्त घेणार. बरेच वडील दिवसभर कामावर, काही आयांना वाचता येत नाही. पालकांच्या संमतीचं विचारलं तर मुख्याध्यापक म्हणतात, "सगळ्यांच्या वतीने मी सही करतो." चालेल का? आणि तिसरा गट बिनगोळीचा ठेवता येईल?

कमिटीवाला:
सही अजिबात चालणार नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर वॉर्डन-मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या होत्या. एप्रिल 2010 मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले.

मुख्याध्यापकांची परवानगी फक्त शाळेच्या आवारात काम करण्यापुरती. संमती पालकांचीच. जोखीम किरकोळ असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहसा एका पालकाची पुरते, म्हणजे आईची घ्या. वाचता येत नसेल तर अंगठा, आणि सोबत निष्पक्ष साक्षीदार. तो तुमच्या टीमचा नको, आणि समजावून सांगताना पहिल्यापासून हजर हवा. शेवटी सहीपुरता बोलावलेला साक्षीदार कमिटी लगेच ओळखते. गोवंडीत उर्दू-हिंदी फॉर्म लागतीलच. सात वर्षांपुढच्या मुलांचा असेंट, म्हणजे मुलाचा स्वतःचा होकार, तोंडी, पालकांसमोर, नोंद करून. मूल "नको" म्हणालं तर सुई बाजूला.

बालरोग_परळ:
बिनगोळीचा गट विसरा. ॲनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमात या वयाला दर आठवड्याला गुलाबी गोळी ठरलेली आहे: 45 मिग्रॅ लोह, 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. हक्काची गोळी काढून घेऊन तुलना कसली? आठवड्यातून एकदाचा गट हाच तुमचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा आधार.

हिमोग्लोबिन 8 च्या खाली आलेलं मूल अभ्यासाबाहेर काढून थेट उपचारांना पाठवा. रिपोर्ट फाईलमध्ये पडून राहता कामा नये. गोळ्या शाळेतच, समोर द्या. पाकीट घरी गेलं आणि धाकट्या भावंडानं मूठभर खाल्ल्या तर लोहाची विषबाधा जिवावर बेतते.

सायली_पीएसएम:
आभार. मुलामागे 500 रुपये ठेवलेत, तेही अडेल?

कमिटीवाला:
कशाचे, ते लिहा. आईची बुडालेली रोजंदारी आणि रिक्षाभाडं म्हणून चालतील. नुसतं "मानधन" लिहिलंत तर आमिष म्हणून परत येईल, कारण त्या वस्तीत 500 रुपयांना नाही म्हणणं सोपं नाही. त्यापेक्षा बजेटमध्ये दुष्परिणामांच्या उपचारांचा खर्च दाखवा, बहुतेक प्रस्तावांत तीच ओळ रिकामी असते. आणि नकार दिलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांच्या हाती देऊ नका.