कोरियन मुलींच्या गटांना जपानसाठी वेगळा अल्बम हवाच कशाला?

सुरपेटी
ट्वाइस या कोरियन मुलींच्या गटाचा जपानातला पहिला अल्बम, २८ जून २०१७. दहा गाणी. पाच जुनी कोरियन आणि उरलेली पाच म्हणजे त्यांचीच जपानी रूपं. चाल तीच, नाच तोच. शब्द तेवढे नवे, आणि तेही अडखळणारे. कोरियन अक्षर क, प, त अशा व्यंजनावर बंद होऊ शकतं, ठेका तिथे खटकन तुटतो. जपानीत 'न्' सोडला तर जवळपास प्रत्येक मात्रा स्वरावर संपते. मग एकतर मात्रा कोंबा, नाहीतर अर्थ छाटा. बंद करा हे प्रकार.

खडीसाखर
अहो, तो अल्बम म्हणजे नुसती तोंडओळख होती. खरा पहिला अल्बम 'बीडीझेड', १२ सप्टेंबर २०१८. शीर्षकगीत मुळातच जपानी, ट्वाइसच्या कंपनीचे संस्थापक जे. वाय. पार्क यांचं. त्याचं कोरियन रूप नंतर नोव्हेंबरच्या 'येस ऑर येस' या कोरियन अल्बममध्ये आलं. गंगा उलटी वाहिली की!

उच्चारांचं मात्र कबूल. आपल्या 'चूल'मधल्या 'चू'च्या जवळ जाणारा 'त्सु' कोरियन गायिकेच्या तोंडी 'चिमणी'तल्या 'च'कडे सरकतो. 'जरा'तला ज 'जीव'मधल्या ज सारखा होतो. शब्दारंभीचे ग, द, ब हे क, त, प सारखे ऐकू येतात. शिवाय दीर्घ स्वर आणि दुहेरी व्यंजन ('क्का'सारखं) यांना जपानीत पूर्ण एक मात्रा जादा द्यावी लागते. ती खाल्ली की ओळ ठेक्याच्या पुढे पळते. ट्वाइसमध्ये मोमो, साना, मिना या तिघी मूळच्या जपानी, ही त्यांची जमेची बाजू. सगळ्याच गटांकडे ती नसते.

हिशेबी_माणूस
तुम्ही दोघं गाण्यावर भांडताय, खेळ सीडीच्या खोक्याचा आहे. एकाच अल्बमची मर्यादित आवृत्ती 'अ' (सीडी आणि डीव्हीडी), मर्यादित 'ब', साधी आवृत्ती, वर चाहता-क्लबची वेगळी. आत एखाद्या सदस्येचं फोटो-कार्ड, कुणाचं ते फोडल्याशिवाय कळत नाही. जपानात सीडीची किंमत कंपनी ठरवते, दुकानदाराला ती पाडून विकता येत नाही. त्यामुळे स्पर्धा किमतीवर नसते, कुठल्या दुकानात कुठली भेटवस्तू मिळते यावर असते.

प्रकाशन बहुधा बुधवारी. ओरिकॉनचा, म्हणजे तिथल्या खपाच्या क्रमवारीचा, आठवडा सोमवार ते रविवार. माल मंगळवारीच दुकानात लागतो आणि त्याच दिवशी विकला जातो, म्हणजे पहिल्या आठवड्यात सहा दिवस हाती. आणखी एक मेख: तिथल्या रेकॉर्ड संघटनेचं सीडीसाठीचं 'गोल्ड' (१ लाख), 'प्लॅटिनम' (अडीच लाख), 'मिलियन' (१० लाख) हे दुकानांकडे रवाना झालेल्या मालावर मिळतं, ग्राहकाने घेतलेल्यावर नाही. आकडे फेकताना लोक हे सोयीस्कर विसरतात. पण गर्ल्स जनरेशन या कोरियन मुलींच्या गटाचा जून २०११ चा पहिला जपानी अल्बम 'मिलियन'ला पोचला, हे नुसत्या खोक्यांवर होत नाही.

सुरपेटी
म्हणजे कार्डं काढून घ्यायची आणि तबकड्या धूळ खात ठेवायच्या. माझी तक्रार तीच तर आहे! त्यात हे काम मायदेशी दिसतही नाही. दक्षिण कोरियाने १९९८ पासून जपानी मनोरंजनाला टप्प्याटप्प्याने दार उघडलं, जपानी शब्दांच्या रेकॉर्ड विकायला जानेवारी २००४ मध्ये परवानगी दिली. तरी तिथल्या मोठ्या वाहिन्या जपानी गाणं लावायला अजून बिचकतात. न्यूजीन्स या दुसऱ्या कोरियन गटाने बघा काय केलं: २१ जून २०२४ ला एक सिंगल, 'सुपरनॅचरल', त्यात कोरियन, जपानी, इंग्रजी सगळं एकत्र. २६-२७ जूनला टोकियो डोम या भल्यामोठ्या छताच्या स्टेडियममध्ये कार्यक्रम. अल्बम कुठाय?

खडीसाखर
तो चाहत्यांचा मेळावा होता हो, दौरा नव्हे. ट्वाइसने २०१९ मध्ये ओसाका, टोकियो, नागोया इथले डोम केले, त्याआधी जपानी गाण्यांचा साठा जमवला होता. शिवाय तिथे गाणं चित्रपट-मालिकांना जोडून खपतं. 'बीडीझेड'मधलं 'आय वॉन्ट यू बॅक' एका जपानी चित्रपटाला दिलेलं. असा करार अल्बमच्या आधी होतो, मागाहून नाही. आणि २०२४ चंच बोलायचं तर ट्वाइसचा जपानी अल्बम 'डाइव्ह' १७ जुलैला आला, २७-२८ जुलैला योकोहामाच्या निस्सान स्टेडियमवर कार्यक्रम. दहा दिवसांचं अंतर काय उगाच ठेवलं?

हिशेबी_माणूस
वाद चालू द्या. कुणी 'बीडीझेड' मागवणार असेल तर २६ डिसेंबर २०१८ ची आवृत्ती बघा, सप्टेंबरच्या तबकडीत 'स्टे बाय माय साइड' नाही. डीव्हीडीवाली घेत असाल तर खोक्यामागे प्रदेश क्रमांक (तबकडी कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो आकडा) वाचा: जपानचा २, भारताचा ५. आपल्याकडचा जुना प्लेअर २ ची तबकडी चालवत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत.