श्रीलंका: खरा फास रोख्यांचा

‘चीनच्या कर्जामुळे श्रीलंका बुडाली’ असं नेहमी म्हटलं जातं, पण तो मुद्दा अपुरा आहे. चिनी कर्जातून बांधलेलं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं, त्याचे सुमारे ११२ कोटी डॉलर परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले. बंदराचं मूळ कर्ज माफ झालं नाही, त्याचे हप्ते चालूच राहिले.

खरा फास डॉलरमधल्या सार्वभौम रोख्यांचा, म्हणजे सरकारने परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या कर्जरोख्यांचा. २००७ पासून ते विकले गेले आणि बाहेरच्या कर्जात त्यांचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक झाला. सवलतीच्या कर्जाची मुद्दल वर्षानुवर्षं थोडी थोडी फिटते; या रोख्यांची मुद्दल मुदत संपली की एकरकमी द्यावी लागते, म्हणजे बहुतेकदा नवे रोखे विकूनच. २०१९ च्या अखेरीस व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, पाठोपाठ कोविडने पर्यटन बंद. देशाचं पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या क्षमतेचा दर्जा) घसरलं, नवे रोखे कोणी घेईना. तरीही जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ५० कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड केलीच! हे मला अक्षम्य वाटतं, कारण इंधन-औषधांना लागणारे डॉलर त्यात गेले. एप्रिलमध्ये परतफेड थांबवावीच लागली.

पुढे विषमतेचा भाग येतो. २०२३ च्या देशांतर्गत कर्ज-पुनर्रचनेत (देशातच घेतलेल्या कर्जाच्या अटी बदलताना) बँकांकडचे ट्रेझरी रोखे, म्हणजे सरकारचे देशी चलनातले कर्जरोखे, वगळले, भार टाकला कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीवर. निधीला सांगितलं: जुने रोखे देऊन लांब मुदतीचे घ्या, व्याज आधी १२ आणि २०२६ पासून ९ टक्के. नकार दिलात तर निधीच्या उत्पन्नावर १४ ऐवजी ३० टक्के कर.