"मूळ निविदेतील सर्व अटी लागू": पेटी कंत्राटदाराला यातल्या नेमक्या कोणत्या लागतात?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात मोऱ्या आणि संरक्षक भिंतींची कामं पेटीवर, म्हणजे मुख्य कंत्राटदाराकडून पोटकंत्राटाने, घेतो. बावीस वर्षं झाली. सळई, सेंट्रिंग, काँक्रीट हातचं आहे, कागदपत्रं मात्र नाहीत, म्हणून विचारतोय.

सार्वजनिक बांधकामच्या एका रस्त्यावरच्या सहा बॉक्स मोऱ्या मी केल्या. निविदा ब-१ या खात्याच्या छापील नमुन्यातली, मुख्य कंत्राटदार दुसऱ्या जिल्ह्यातले. मला वर्क ऑर्डर दिली ती दीड पानाची. साइटवर जीपच्या बॉनेटवर ठेवून सही केली. मूळ निविदेचा जाड गठ्ठा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पडला होता. तो त्यांनी उघडला नाही आणि मीही मागितला नाही. वर्क ऑर्डरची अट क्र. १४ जशीच्या तशी उतरवतो:

"या आदेशात वेगळे नमूद केले नसल्यास मूळ निविदेतील सर्व अटी व शर्ती या कामास बॅक टू बॅक लागू राहतील."

एकूण काम ३८ लाखांचं. २९ लाख मिळाले, ९ राहिले. त्यात ५ टक्के अनामत म्हणजे १ लाख ९० हजार, बाकी ७ लाख १० हजार शेवटच्या बिलाचे. काम गेल्या वर्षी फेब्रुवारीत संपलं. मोऱ्यांखालून दोन पावसाळ्यांचं पाणी गेलं, कुठे तडा नाही.

आता मुख्य कंत्राटदारांचं पत्र आलंय. सरकारकडून बिल निघालं नाही म्हणून तुमचंही निघणार नाही. अनामत मूळ निविदेच्या दोषदायित्व कालावधीप्रमाणे (दोष निघाल्यास दुरुस्त करून द्यायची मुदत) पाच वर्षांनी. आणि तक्रार असेल तर निविदेच्या अट ३० प्रमाणे अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम, कोर्टात जाता येणार नाही. तिन्ही गोष्टींना आधार एकच, माझी अट १४.

माझ्याकडे चौदा माणसं होती. त्यांची मजुरी दर शनिवारी चुकती केली, पतसंस्थेचं कर्ज काढून. त्या एका ओळीत खरंच एवढं सगळं मावतं का?

निवृत्त_उपअभियंता

एकतीस वर्षं याच खात्यात काढली. ही ओळ मी कितीतरी वर्क ऑर्डरींवर पाहिली आहे, आणि बहुतेक वेळा ती लिहिणाऱ्यानेच मूळ निविदा पुन्हा वाचलेली नसते. म्हणून पत्रावर विश्वास ठेवू नका, मूळ कागद उघडा. संदर्भाने तेवढंच येतं जेवढं तिथे लिहिलेलं आहे.

ब-१ मध्ये शासनाने कंत्राटदाराला पैसे कसे द्यायचे ते आहे: मोजमाप, एमबीत (मोजमाप पुस्तकात) नोंद, मग बिल. "मला मिळाले की तुला देईन" ही अट त्यात कुठून येणार? शासनाला तशी अट घालायचं कारणच नाही. ती हवी होती तर तुमच्या दीड पानात लिहायला हवी होती. पेटी कंत्राटदाराचा विषय त्या निविदेत येतो तो मंजुरीशिवाय काम दुसऱ्याला देऊ नये, हे सांगायला. तुमच्या नावाला मंजुरी घेतली होती का, तेही बघून ठेवा.

अट ३० शांतपणे वाचा. अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय "त्या कंत्राटातील सर्व पक्षांवर" बंधनकारक, असं तिथे आहे. त्या कंत्राटात पक्ष दोन, शासन आणि मुख्य कंत्राटदार. तुम्ही अर्ज घेऊन त्यांच्या मंडल कार्यालयात गेलात तर "आमचा आपल्याशी करार नाही" एवढंच उत्तर मिळेल. अशा अर्जांवर मी स्वतः तशी टिपणी लिहिलेली आहे. जे दार तुमच्यासाठी उघडतच नाही, ते अंतिम दार कसं होईल?

पण दुसरी बाजूही सांगतो. काँक्रीटची प्रत, सळईचं कव्हर, क्यूबच्या चाचण्या, पाणी मारण्याचे दिवस, हे सगळं अट १४ ने तुमच्यावर आलं, आणि यायलाच हवं. त्या ओळीचा खरा उपयोग त्यासाठीच आहे.

आजच विभागीय कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, उत्तराची मुदत ३० दिवस. करारनाम्याची पूर्ण प्रत, तुमच्या सहा मोऱ्यांची एमबीची पानं आणि अदा झालेल्या बिलांच्या प्रती मागा. मोऱ्यांची साखळी क्रमांकासह (रस्त्यावरच्या अंतराच्या क्रमांकासह) यादी द्या, नाहीतर "माहिती सुस्पष्ट नाही" म्हणून परत येईल.

वकील_करवीर

कोयनाकाठ दादा, साहेबांनी साइटवरून जे सांगितलं ते न्यायालयाच्या निकालांतही तसंच आहे.

एखाद्या कागदाचा उल्लेख करणं वेगळं आणि तो कागद आपल्या करारात सामावून घेणं वेगळं. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ७(५) हेच सांगतं: दुसऱ्या कागदातलं लवादाचं कलम तुमच्या करारात यायचं, तर संदर्भ असा हवा की ते कलम कराराचा भाग होईल. २००९ मध्ये एम. आर. इंजिनिअर्स विरुद्ध सोम दत्त बिल्डर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ तुमचीच अट होती. काम केरळच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचं आणि वाद पेटी कंत्राटाचा. आदेशात लिहिलं होतं की वेगळं नमूद नसल्यास मुख्य कंत्राटाच्या अटींवर काम करावं. न्यायालयाने म्हटलं, अशा सर्वसाधारण संदर्भाने काम कसं करायचं याच्या अटी येतात, लवादाचं कलम येत नाही. ते आणायचं तर नाव घेऊन आणावं लागतं. शिवाय आणलेली अट त्या वादाला लागू पडणारी हवी आणि तुमच्या करारातल्या अटींशी विसंगत नको. २०२४ मध्ये एनबीसीसी विरुद्ध झिलियन इन्फ्राप्रोजेक्ट्स या निकालातही तेच धरलं गेलं. तिथे दामोदर खोरे महामंडळाच्या निविदेच्या अटी लागू असं इरादापत्रात होतं.

आता तुमची अट ३० मुळात लवादाचं कलम ठरते की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी चालेल. तसं धरलं तरी त्याचं नाव घेतलेलं नाही, म्हणून ते तुमच्याकडे आलेलं नाही. आणि तो लवाद नव्हेच म्हणाल, तर मग दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद करणारं काही उरतच नाही.

एक सावधगिरी. २०१८ च्या आयनॉक्स विंड विरुद्ध थर्मोकेबल्स या निकालात खरेदी आदेशाला एका पक्षाच्या स्वतःच्या छापील प्रमाणित अटी जोडलेल्या होत्या. तिथे सर्वसाधारण संदर्भ पुरेसा ठरला. म्हणून विचारते, तुमच्या वर्क ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काही छापलंय का? मुख्य कंत्राटदाराच्या "सामान्य अटीं"चा कुठे उल्लेख? आणि अट १४ च्या सुरुवातीचे शब्द फार मोलाचे आहेत: "या आदेशात वेगळे नमूद केले नसल्यास". अनामत आणि बिलाबद्दल त्या दीड पानात काही वेगळं नमूद आहे का?

कोयनाकाठ

ताई, साहेब, उपकार झाले. काल रात्री मुलीला बसवलं. तिने वर्क ऑर्डरवर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. मागची बाजू कोरी आहे. सामान्य अटी वगैरे कुठे नाही.

पण अट ६: "बिल खात्याच्या एमबीत नोंद झाल्यापासून ३० दिवसांत अदा करण्यात येईल." आणि अट ८: "५ टक्के अनामत काम पूर्ण झाल्यानंतर ६ महिन्यांनी परत करण्यात येईल." पत्र आल्यापासून मी अट १४ रोज वाचत होतो, तिच्या वरच्या दोन वाचल्याच नाहीत.

माहिती अधिकाराचा अर्ज आज देऊन आलो, सहाही मोऱ्यांच्या साखळी क्रमांकासह.

वकील_करवीर

मग चित्र बदललं, दादा. दोन्ही गोष्टी आदेशात "वेगळ्या नमूद" आहेत. तिथे मूळ निविदेला शिरायला जागा नाही. पाच वर्षांत मोरीत दोष निघाला तर दुरुस्ती तुमची, असं ते म्हणू शकतील आणि त्यात तथ्य असेल. पण दुरुस्तीची जबाबदारी आणि अनामत अडकवून ठेवण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुदत मात्र सांभाळा. रक्कम ज्या दिवशी देय झाली तिथून तीन वर्षं. नुसती स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. दावा तीन लाखांच्या वरचा, बांधकाम कराराचा, म्हणजे वाणिज्यिक वाद. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी सक्तीची आहे. तो अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा. एमएसएमई (लघुउद्योगांच्या थकीत रकमांसाठीच्या) परिषदेकडे जा असं कुणी सुचवेल. बांधकामाच्या कंत्राटांना तो मार्ग लागू नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत, तेव्हा त्यावर विसंबू नका.

मस्कत_साइट

मी मूळचा कराडचा, सोळा वर्षं ओमानमध्ये कंत्राटांचे कागद बघतो. पुढच्या वेळेसाठी लिहितो.

"सर्व अटी" हा शब्दच घेऊ नका. कोणता कागद, त्याचा क्रमांक, तारीख, कोणती आवृत्ती आणि त्यातली कोणती कलमं, हे लिहून घ्या. आवृत्तीने किती फरक पडतो त्याचं तुमच्याच कामातलं उदाहरण आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक. १९७८ च्या आवृत्तीत प्रबलित काँक्रीटला किमान एम-१५ चालत होतं, २००० च्या आवृत्तीत किमान एम-२० झालं. करारात नुसतं "आयएस ४५६ प्रमाणे" असेल आणि कुणी जुनं पुस्तक काढून बसलं, तर वाद घाला. इकडे फिडिकच्या (आंतरराष्ट्रीय बांधकाम करारांचे नमुने काढणारी संस्था) १९९९ च्या लाल पुस्तकात उपकलम १.५ केवळ कागदांच्या प्राधान्यक्रमासाठी आहे. दोन कागदांत विसंगती निघाली तर कोणता वरचढ, ते आधीच ठरलेलं. तुमच्या दीड पानाला एक ओळ पुरते. हा मसुदा घ्या:

"मूळ निविदेतील (क्रमांक, दिनांक) साहित्य, कारागिरी, चाचण्या व दोष दुरुस्ती यांबाबतची सोबत जोडलेल्या जोडपत्र १ मधील कलमेच या कामास लागू राहतील. रक्कम अदा करणे, अनामत व वाद निवारण याबाबत फक्त हा आदेश लागू राहील. विसंगती असल्यास हा आदेश वरचढ राहील."

आणि जोडपत्राच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. जीपच्या बॉनेटवर त्याला दहा मिनिटं जास्त लागतील.

कोयनाकाठ

पाच आठवड्यांनी लिहितोय. विभागातून प्रती आल्या, पानाला दोन रुपये भरून. करारनामा मुलीने आणि मी मिळून तीन संध्याकाळी वाचला. पेटीवाल्याचे पैसे शासनाचं बिल निघेपर्यंत थांबवावेत, असं त्यात कुठेच नाही.

आणि एमबी. सहाही मोऱ्यांची मोजमापं नोंदलेली आहेत, लांबी, रुंदी, स्लॅबची जाडी, सगळं माझ्या डायरीशी जुळतं. शेवटची नोंद गेल्या वर्षीच्या २२ मार्चची. ते बिल जूनमध्येच मुख्य कंत्राटदारांना अदा झालंय, व्हाउचरची प्रत सोबत आली. म्हणजे मला पत्र आलं तेव्हा माझ्या मोऱ्यांचे पैसे त्यांच्या खात्यात होते.

ताई, नोटिशीत एमबीच्या पानांचा उल्लेख कसा करायचा?

वकील_करवीर

एमबी क्रमांक, पान क्रमांक, नोंदीची तारीख, आणि अट ६ शब्दशः. प्रती साक्षांकित करून घ्या, मूळ संच घरी ठेवा. देय तारीख २२ मार्चपासून ३० दिवस धरून लिहा, म्हणजे २१ एप्रिल. अनामतीची तारीख काम पूर्ण झाल्यापासून सहा महिने, वेगळ्या परिच्छेदात. अट १४ चा उल्लेख आपण करायचा नाही. ती त्यांना काढू दे.