मित्राच्या सुपाऱ्या मी बघतो, याचं करिअर होतं का?

सातपूरचा_पक्या

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात २२ हजार येतात. माझा शाळेपासूनचा मित्र सटाण्याकडचा आहे, अहिराणी गाणी लिहितो, चाल तोच लावतो आणि गातो पण तोच. दोन वर्षांपूर्वी त्याचं हळदीचं एक गाणं यूट्यूबवर बरं चाललं आणि तेव्हापासून लग्न, हळद, गावची यात्रा अशा सुपाऱ्या यायला लागल्या. आता हा भाऊ फोन उचलत नाही, उचललाच तर समोरचा म्हणेल त्या पैशाला हो म्हणून मोकळा. एकदा तर एकाच तारखेला कळवण आणि मालेगाव दोन्ही घेऊन बसला होता. म्हणून नंबर माझा दिला. मग रेट मी ठरवायला लागलो, गाडी मी बघतो, ढोलकीवाला रुसला तर त्याला पण मीच समजावतो. पैसे म्हणाल तर मी अजून एक रुपया घेतलेला नाही, पेट्रोल तेवढं तो टाकतो.

आता दोन गोष्टी झाल्यात. एक म्हणजे एका यूट्यूब चॅनलवाल्याने चार गाण्यांचे मिळून १५ हजार देतो म्हणून एक पानाचा कागद पाठवलाय, त्यात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं लिहिलंय. मित्र म्हणतो घेऊन टाकू, मोबाईल घ्यायचाय. आणि दुसरं म्हणजे मला हे काम जाम आवडायला लागलंय. टॅलेंट मॅनेजर, म्युझिक कंपनीतला एक्झिक्युटिव्ह वगैरे जे म्हणतात ते नाशिकमधे बसून होतं का? काही कोर्स लागतो का? घरी विषय काढला तर वडील म्हणाले, दलाली करायला शिकवलं का तुला.

वायरवाला_नाना

पक्या, मी २६ वर्षं साऊंड लावतोय, कालिदास कलामंदिरपासून गावच्या पारापर्यंत. कोर्सचं मला विचारू नको पण चांगला मॅनेजर मी लांबून ओळखतो. तो आठ दिवस आधी कागद पाठवतो, माईक किती, मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेले स्पीकर) किती, ढोलकीला वेगळा माईक की नाही, जनरेटर कोणाचा. वाईट मॅनेजर संध्याकाळी ६ ला येऊन म्हणतो नाना बघून घ्या. मी काय बघून घेऊ, कोंबडं?

आणि निम्मे पैसे तारीख लिहितानाच घ्यायचे, राहिलेले गायक स्टेजवर चढायच्या आधी. कार्यक्रम संपल्यावर कोणीच सापडत नाही. मागे एका मंडळाने माझे राहिलेले ९ हजार 'उद्या देतो' म्हणून सहा वर्षं झाली. १० वाजता माईक बंद करावा लागतो हे पण आयोजकाला आधीच सांगून ठेवायचं, वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं पण तुझ्या मित्राची सुपारी त्याच दिवशी असेल असं नाही. वऱ्हाड साडेनऊला हळदीला येतं आणि मग म्हणतात अजून दोन गाणी. तिथे पोलिसांशी आणि नवरदेवाच्या मामाशी एकाच वेळी जो गोड बोलतो तो मॅनेजर.

परत_आलेली_नाशिककर

पक्या, आधी तो कागद बाजूला ठेव, सही करू देऊ नकोस. मी आठ वर्षं अंधेरीत एका म्युझिक कंपनीत होते, सुरुवातीला कराराच्या फायली लावायचं काम, नंतर कलाकारांकडे बघायचं, त्यामुळे असले कागद ढिगाने पाहिलेत.

तुझ्या मित्राकडे एक गाणं म्हणजे एक वस्तू नाही. शब्द त्याचे, चाल त्याची आणि आवाज पण त्याचा, आणि रेकॉर्डिंग पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन कोणी केलं त्यावर ते रेकॉर्डिंग कोणाचं हे ठरतं. हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत आणि तो चॅनलवाला एका ओळीत सगळे उचलतोय. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली बदल झाला, त्यानंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला (गाणं वापरलं की मिळणाऱ्या पैशातला) हिस्सा कोणी लिहून घेतला तरी जात नाही, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे असे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. म्हणजे 'सर्व हक्क कायमस्वरूपी' लिहिलं म्हणून सगळंच गेलं असं नाही, पण भांडायला कोर्टात कोण जाणार, म्हणून आधीच नीट लिहायचं. अजून एक, हक्क देण्याचा करार लेखी लागतो आणि त्यात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुझ्या कागदात 'कायमस्वरूपी' मुद्दाम घातलंय ते उगीच नाही. तू उलट सांग, ३ वर्षं, फक्त यूट्यूब, आणि कमाईत टक्का. नाही म्हणाला तर नाही. गाणं चालायला लागल्यावर जो माणूस दारात येतो त्याला घाई असते, तुम्हाला नसावी.

मित्राला गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं सदस्य कर, ही त्यांची कॉपीराइट सोसायटी १९६९ पासून आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. गायकांची सोसायटी वेगळी आहे, ती पण बघ. पण चाल खरंच त्याची आहे ना? आजीच्या ओव्यांची किंवा लग्नातली पारंपरिक चाल असेल तर ती कोणाचीच नाही, तिथे फक्त स्वतःचे शब्द आणि रेकॉर्डिंग एवढंच आपलं. खानदेशातली अर्धी भांडणं यावरच असतात, एकाच चालीवर चार जणांची गाणी आणि चौघांचे एकमेकांवर यूट्यूब क्लेम, म्हणजे 'हे माझं आहे' अशा तक्रारी.

डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत) गाणी स्पॉटिफायवर वगैरे पण टाक, मात्र तिथून पैशाची आशा लगेच धरू नको, २०२४ पासून वर्षभरात १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला तिथे रॉयल्टी धरतच नाहीत.

आणि करिअरचं विचारलंस म्हणून सांगते. कंपनीतला एक्झिक्युटिव्ह कंपनीचा असतो, मॅनेजर कलाकाराचा असतो. दोघे टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. मी कंपनीच्या बाजूला बसायचे आणि समोर बहुतेक वेळा मॅनेजर नसायचाच, नुसता आनंदी झालेला गायक असायचा. आमचं काम फार सोपं व्हायचं.

पंचवटीकर_आजोबा

वडिलांना सांगा दलाली नाही, जुना धंदा आहे. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं, तिथे पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक येतात, फड बघतात, यात्रेची तारीख ठरवतात आणि सुपारी देतात. राहुटीत वही घेऊन बसलेला माणूस गात नाही की नाचत नाही, पण कोणत्या गावाला बैलगाडा शर्यतीमुळे रात्री माणसं थांबत नाहीत, कोणत्या गावाने मागच्या वर्षी पैसे बुडवले, दोन गावांमधे एका रात्रीत ट्रक पोचेल का, हे सगळं त्याच्या डोक्यात. तुम्ही एकदा सीझनला तिथे जाऊन नुसते बसा. कोर्सची फी वाचेल.

सातपूरचा_पक्या

ताई, नाना, आजोबा, खूप आभार. कागद ठेवलाय बाजूला. चाल त्याचीच आहे तीन गाण्यांची, चौथ्याची त्याच्या मावशीकडून आलेली निघाली, काल विचारलं तेव्हा कबूल केलं.

आता नेटवर वाचलं की मॅनेजर १५ ते २० टक्के घेतो. मग २० घेतले तर नोकरी सोडता येईल का? वर्षाला १८ सुपाऱ्या होतात साधारण, सरासरी २५ हजाराची एक.

हिशोबी_मामा

भाच्या, २० टक्के कशाचे ते आधी बोल. एकूण सुपारीचे धरले तर १८ गुणिले २५ हजार म्हणजे साडेचार लाख, त्याचे २० टक्के ९० हजार, महिन्याला साडेसात हजार. पण वादक, गाडी, जेवण जाऊन मित्राच्या हातात समजा १२ हजारच राहत असतील तर तू ५ हजार घेतोस म्हणजे त्याच्या कमाईच्या ४० टक्क्यांहून जास्त. तो आज बोलणार नाही, पुढच्या वर्षी बोलेल. आणि खर्च जाऊन राहतात त्याच्यावर २० टक्के घेतलेस तर एका सुपारीचे २,४००, वर्षाचे ४३,२०० आणि महिन्याचे ३,६००. यात अंबडची नोकरी सोडतोस? असे पाच-सहा कलाकार झाले आणि सुपारी ६०-७० हजारावर गेली की बोलू.

कंपन्यांचे किंवा हॉटेलचे कार्यक्रम घेतलेस तर ते बहुतेक वेळा टीडीएस म्हणजे कर आधीच कापून पैसे देतात, ते आयकर खात्याकडे मित्राच्या नावावर दिसतंय का बघत जा, बहुतेक कलाकार रिटर्नच भरत नाहीत आणि पैसे सरकारकडे पडून राहतात. जीएसटी वर्षाला २० लाखाच्या वर गेल्यावर बघू. आणि मित्राचे पैसे तुझ्या खात्यात घेऊ नकोस, मैत्री तिथेच तुटते.

मेनरोडचा_कॅसेटवाला

माझं मेनरोडला कॅसेटचं दुकान होतं म्हणून मला बीटल्स या इंग्लंडच्या बँडचा मॅनेजर ब्रायन एपस्टाईन फार जवळचा. लिव्हरपूलमधे घरच्यांच्या दुकानात रेकॉर्ड विकायचा, नोव्हेंबर १९६१ मधे एका तळघरातल्या क्लबमधे दुपारच्या वेळी बीटल्सना ऐकलं आणि त्यांचा मॅनेजर झाला. आधी कुणाला सांभाळायचा काडीचा अनुभव नव्हता. चामड्याची जॅकेटं काढून सूट घालायला लावले, स्टेजवर खाणंपिणं बंद केलं, डेक्का या रेकॉर्ड कंपनीने नाही म्हटल्यावर टेप घेऊन लंडनच्या कंपन्यांचे उंबरे झिजवले. हे सगळं बरोबर केलं. पण बीटल्सच्या नावाने खेळणी, विग, डबे विकायचा हक्क द्यायची वेळ आली तेव्हा ९० टक्के समोरच्या कंपनीला आणि १० टक्के स्वतःकडे असा करार होऊन बसला, कारण त्या मालाला किती किंमत येईल याचा अंदाजच नव्हता. नंतर टक्का वाढवून घेतला पण तोवर पाणी वाहून गेलं होतं. १९६७ ला गेला तेव्हा वय फक्त ३२.

तेव्हा पक्या, त्या चॅनलवाल्याला गाण्याची रील, रिंगटोन, दुसऱ्या भाषेत वापरणं, हे सगळं वेगळं वेगळं विचार. आज फुकटात दिलेलं उद्या काय होईल सांगता येत नाही.

सातपूरचा_पक्या

अपडेट देतो. चॅनलवाल्याला सांगितलं, ३ वर्षं, फक्त यूट्यूब, तीनच गाणी, वर टक्का. दोन दिवस फोन बंद, मग काल म्हणाला १५ ऐवजी १० हजार देतो पण टक्का मान्य. मी म्हटलं लिहून पाठवा, बघतो.

अडचण वेगळीच झाली. मी मित्राला म्हटलं आपण दोघांमधे पण एक कागद करू, मी खर्च जाऊन १५ टक्के घेईन. तर तो गप्पच झाला. म्हणे आपण काय परके आहोत का, कागद कशाला. त्याच्या आईने पण फोन केला, पक्या काय झालं रे तुमच्यात. आता मलाच चोरासारखं वाटतंय.

परत_आलेली_नाशिककर

चोरासारखं वाटू दे, कागद कर. एक वर्षाचाच कर, त्यात कधीही एक महिन्याची नोटीस देऊन दोघांपैकी कोणालाही बाहेर पडता येईल असं लिही, म्हणजे त्याला बांधल्यासारखं वाटणार नाही. काम सोडल्यावर तू आधी ठरवलेल्या सुपाऱ्यांचा टक्का तुला मिळेल का ते पण आत्ताच लिहा. आणि त्याच्या आईसमोर वाचून दाखव, मराठीत. स्टॅम्प पेपर १०० चा चालत नाही आता, ५०० चा लागतो.

सातपूरचा_पक्या

बरं ताई. रविवारी सटाण्याला जातो. आईला वाचून दाखवायची आयडिया भारी आहे, तिला एकदा पटलं की तो नाही म्हणत नाही. १५ टक्के की १० टक्के ते तोच ठरवू दे, पहिल्या वर्षी जे म्हणेल ते.

नाना, तुमचा नंबर मेसेज करा ना, चैत्रात दोन यात्रा आहेत, साऊंड तुमचाच घेऊ.

वायरवाला_नाना

केला मेसेज. निम्मे आधी, सांगितलंय ना.