जहाजावरील ग्रॅच्युइटी खात्यातून जाऊ द्यावी, की काढून टाकून रोख हातात द्यावी?

प्राजक्त (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. येत्या जूनमध्ये माझे सासू-सासरे पुण्याहून आमच्याकडे येत आहेत. त्यांना घेऊन आम्ही दोघे बेयोनच्या केप लिबर्टी बंदरातून बर्म्युडाला जाणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर जाणार आहोत. भाडे, बंदर शुल्क आणि कर भरून झाले आहेत. आता कंपनीने पाठवलेल्या तपशिलात माणशी दररोज १८.५० डॉलर ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी, जहाजावरच्या खात्यात आपोआप लावली जाईल, असे लिहिले आहे. चार माणसांचे सात दिवसांचे ५१८ डॉलर होतात. ही रक्कम आधीच भरून टाकता येते, नाहीतर जहाजावर ती रोज खात्यावर चढत जाते.

घरात यावरून मतभेद आहेत. सेवा घेऊन झाल्यावर, ती मनास आली तर आपल्या हाताने द्यावे, अशी सासऱ्यांची आयुष्यभराची रीत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हॉटेलांना बिलात परस्पर सेवा शुल्क लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली, याचाही ते दाखला देतात. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ही रक्कम रद्द करून घ्यावी आणि तेवढेच पैसे खोली आवरणाऱ्या व जेवण वाढणाऱ्या माणसांना रोख द्यावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. पैसे वाचवण्याचा हेतू त्यात अजिबात नाही. शिवाय सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, त्यामुळे आमच्या टेबलावरच्या माणसांना रोज जास्तीचा त्रास होणार, त्यांचे वेगळे काही करावे का, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वेंगुर्लेकर

मी अशा जहाजांवर हाउसकीपिंगमध्ये काम केले आहे, आधी असिस्टंट आणि नंतर केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारा, म्हणून. त्यामुळे हे पैसे पुढे कुठे जातात, ते मी आतून पाहिले आहे. खात्यातली रक्कम काढू नका, हे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या सासऱ्यांची रीत चांगलीच आहे, परंतु हॉटेलातल्या वेटरला महिन्याचा पगार मिळतो आणि वर मिळते ती बक्षिसी, हे गृहीत धरून ती रीत पडली आहे. अमेरिकी बाजारासाठी चालणाऱ्या बहुतेक जहाजांवर हॉटेल विभागातल्या माणसाचा मूळ पगार लहान ठेवलेला असतो आणि त्याच्या कमाईचा मोठा भाग या सामायिक रकमेतूनच येतो. जहाजावर झेंडा, म्हणजे जहाजाच्या नोंदणीचा देश, बहुधा बहामा, पनामा किंवा बर्म्युडासारखा परका असतो. परदेशी झेंड्याच्या जहाजावर काम करणाऱ्यांना अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, मग ते जहाज बारा महिने मायामीहून सुटत का असेना. संरक्षण म्हणून जे आहे, ते मुख्यतः मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ या आंतरराष्ट्रीय कराराचे. तो ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती द्यावी, असा निकष आहे. हा निकष लावणाऱ्या जहाजावर आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम नियमात बसू शकते, आणि कॉन्ट्रॅक्टच्या सहा-नऊ महिन्यांत आठवड्याची सुट्टी अशी नसते.

आता हातात रोख देण्याचा प्रश्न. तुम्हाला दिसणारी माणसे तीन-चार असतात, पण तुमची सेवा करणारी माणसे त्याहून कितीतरी जास्त असतात. उतरण्याच्या दिवसाचेच पाहा. तुम्ही सकाळी नऊ-साडेनऊला बॅगा घेऊन बाहेर पडता आणि दुपारी त्याच खोलीत पुढचा प्रवासी येतो. मधल्या तीन-चार तासांत एका स्टुअर्डला पंधरा-वीस खोल्या उलट्यापालट्या करायच्या असतात. पलंग उघडे करायचे, चादरी, अभ्रे आणि टॉवेल वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचे, न्हाणीघर घासायचे, कपाटातली लाइफ जॅकेटे मोजायची. त्या पिशव्या खालच्या डेकवर जातात. तिथे जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा क्रूचा लांब बोळ असतो, त्याला अमेरिकेतल्या महामार्गावरून सगळे ‘आय-नाइंटीफाइव्ह’ म्हणतात. पिशव्या, सुटकेसी, बटाट्यांची पोती आणि धावणारी माणसे, सगळे त्याच बोळातून जाते. पुढे लाँड्रीत दमट उष्म्यात दोन मुले ओल्या चादरीची टोके धरून ती इस्त्रीच्या रोलरमध्ये सरळ घालत उभी असतात. एक चादर आत गेली की लगेच दुसरी, आणि ती तिरकी गेली तर सुरकुती पडून परत येते. ही मुले प्रवाशाला कधीच दिसत नाहीत. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, मोठी पातेली घासणारा पॉट वॉशर दिसत नाही, आणि तुमच्या सासूबाईंसाठी कांदा-लसणाशिवाय वेगळी डाळ शिजवणारा आचारीही दिसत नाही. खात्यातली रक्कम अनेक कंपन्यांत या मागच्या लोकांपर्यंतही वाटली जाते. तुम्ही ती काढून माझ्या हातात नोटा दिल्या, तर मला आनंद होईल, पण लाँड्रीतल्या मुलाचा वाटा गेला तो गेलाच.

आणखी एक गोष्ट प्रवाशांना ठाऊक नसते. काही कंपन्यांत असा नियम आहे की, ज्या प्रवाशाने खात्यातली रक्कम रद्द केली आहे, त्याच्याकडून मिळालेली रोख कर्मचाऱ्याने सामायिक निधीत जमा करावी. म्हणजे तुम्ही मुद्दाम माझ्या हातात दिलेले पैसे मला पुन्हा काउंटरवर नेऊन द्यावे लागतात. ज्यांनी रक्कम ठेवली आहे, त्यांनी वर दिलेली रोख मात्र ज्याची त्याला ठेवता येते.

हे मी इतके लांबवून लिहितो, कारण बोटीवर जाणारी आमच्या कोकणातली आणि गोव्यातली मुले पहिल्या कॉन्ट्रॅक्टला कोणत्या अवस्थेत चढतात, ते मी पाहिले आहे. उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेऊ नयेत, असे वर सांगितलेला मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा करार सांगतो. तरीही सुरक्षेचे अभ्यासक्रम, वैद्यकीय तपासणी, सीडीसी (खलाशाला लागणारे सरकारी ओळखपुस्तक), मुंबईतले राहणे आणि मध्यस्थाने कुठल्या ना कुठल्या नावाने मागितलेली रक्कम, यांसाठी घरातले दागिने गहाण पडलेले असतात. पहिले काही महिने मुलगा तेच फेडत असतो. त्याच्या लेखी पंधरवड्याला वाट्याला आलेले शंभर डॉलर कमी की जास्त, ही बारीक बाब नाही.

सरळरेषा

वेंगुर्लेकरांनी लिहिलेली परिस्थिती खरी असणार, याविषयी मला शंका नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष प्रवाशाच्या गळ्यात घालणे मला मान्य नाही. माणसाला पगार देणे हे मालकाचे काम आहे. जाहिरातीत भाडे कमी दिसावे म्हणून वेतनाचा एक भाग भाड्याबाहेर काढायचा, त्याला ग्रॅच्युइटी म्हणायचे, आणि प्रवाशाने प्रश्न विचारला की गरीब कर्मचाऱ्याकडे बोट दाखवायचे, ही कंपन्यांची पद्धत योग्य नाही.

दुसरी पद्धत शक्य आहे, हे अनेकांनी करून दाखवले आहे. ब्रिटनमधल्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून रोजची ग्रॅच्युइटी बंद करून ती भाड्यात धरली. मरेला क्रूझेसच्या भाड्यात ती धरलेलीच असते. सिल्व्हरसी, सीबॉर्न, रीजंट यांसारख्या महागड्या जहाजांवरही ती भाड्यातच असते. कायद्याचा प्रश्न असेल, तर हवाईच्या बेटांमध्ये फिरणारे ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे मोठे जहाज अमेरिकी झेंड्याखाली चालते आणि तिथे अमेरिकेचे कामगार कायदे लागू आहेत. ते जहाज व्यवस्थित चालू आहे.

म्हणून प्राजक्त यांना माझे सांगणे असे की, ती रक्कम ऐच्छिक आहे, असे कंपनी स्वतःच लिहीत असेल, तर सेवा वाईट मिळाल्यास ती कमी करून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि तो वापरताना अपराधी वाटण्याचे कारण नाही.

वेंगुर्लेकर

सरळरेषा, वेतन भाड्यातूनच यावे, या मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर आहे. आमच्या क्रू मेसमध्ये याच विषयावर रोज बोलणे होत असे. पण हा निर्णय तिकीट काढताना घ्यायचा असतो. भाड्यात सर्व धरणारी कंपनी निवडली, तर तो निषेध कंपनीपर्यंत पोहोचतो. स्वस्त भाड्याचे तिकीट काढायचे आणि शेवटच्या रात्री काउंटरवर रांग लावून रक्कम रद्द करायची, यात कंपनीचे भाडे तिला पूर्ण मिळालेले असते. कात्री लागते ती खालच्या डेकवर.

सेवा वाईट असेल, तर त्याचा उपाय दुसऱ्या दिवशी करायचा, सातव्या दिवशी नाही. खोली नीट आवरलेली नसेल, तर हाउसकीपिंग सुपरवायझरला फोन करा. जेवणाच्या टेबलावर अडचण असेल, तर हेड वेटरला सांगा. त्याच दिवशी सुधारणा होते, आणि चूक ज्याची आहे, त्यालाच जाब विचारला जातो. एका वेटरच्या उद्धटपणासाठी चार माणसांचे ५१८ डॉलर काढून घेतले, तर त्याची शिक्षा तो सोडून इतरांनाच होते.

आंबोली

वर तत्त्वाची चर्चा चांगली झाली आहे. मी आई-वडिलांबरोबर अशा प्रवासांना गेले आहे, तेव्हा व्यवहारातल्या काही गोष्टी सांगते, कारण पैसे खरे तर त्यांतच चुकीच्या ठिकाणी जातात.

सर्वांत आधी बारची पावती. पेये, महागडी खास रेस्टॉरंटे आणि स्पा यांच्या बिलात १८ किंवा २० टक्के आधीच धरलेले असतात, तरीही सही करण्याच्या कागदावर आणखी टिप लिहिण्याची एक रिकामी ओळ असते. वडीलधारी माणसे संकोचाने तिथे आकडा लिहितात आणि दुहेरी देऊन बसतात. द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण आधी वरची ओळ वाचावी. पेयांचे पॅकेज घेतले असेल, तर ते विकत घेतानाच ही टक्केवारी लागलेली असते.

मुलांसहित प्रवास करणाऱ्यांनी आपल्या कंपनीचा वयाचा नियम पाहून घ्यावा. काही कंपन्या तान्ह्या बाळासाठीही पूर्ण दर लावतात, काही दोन-तीन वर्षांखालच्या मुलांना सोडतात. तुम्ही चौघेही मोठे असल्याने हा प्रश्न येत नाही. ग्रॅच्युइटी आधीच भरून टाकणे मला सोयीचे वाटते. दर वाढले, तर आधी भरलेल्यांना सहसा फरक द्यावा लागत नाही, आणि शेवटच्या रात्रीच्या बिलावरून ज्येष्ठांशी वाद होत नाहीत. सासऱ्यांचे भारतीय क्रेडिट कार्ड जहाजावरच्या खात्याला जोडणार असाल, तर डॉलरच्या खर्चावर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावते. तुमचे अमेरिकी कार्ड जोडलेले बरे.

जहाजाबाहेरच्या लोकांचा खात्यातल्या रकमेशी काही संबंध नसतो. बंदरावर बॅगा उचलणारे पोर्टर हे जहाजाचे नव्हे, बंदराचे कामगार असतात. त्यांना दर बॅगेला एक-दोन डॉलर देण्याची रीत आहे. बर्म्युडात मोठी जहाजे रॉयल नेव्हल डॉकयार्डला लागतात. तिथला डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचा असून अमेरिकी नोटा सर्वत्र चालतात. पण सुटे बर्म्युडाच्या चलनात परत मिळाले, तर ते तिथेच संपवावेत, कारण इतरत्र त्यांचा उपयोग नाही. रेस्टॉरंटच्या बिलात अनेकदा १५ ते १७ टक्के आधीच जोडलेले असतात. टॅक्सीवाल्याला आणि सहलीच्या गाइडला वेगळे द्यावे लागते.

कांदा-लसणाविषयी: ही विनंती प्रवासाच्या काही आठवडे आधी कंपनीला लेखी कळवावी आणि पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटावे. तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे विचारून घेतो आणि गॅलीत सांगून ठेवतो. त्यासाठी शेवटी त्याला वीस डॉलरची नोट दिली, तर ती योग्य जागी जाते. कप्तान किंवा अधिकाऱ्यांना पैसे देऊ नयेत; ते शिष्टाचाराला धरून नाही.

आणि प्रवासानंतर कंपनी जी प्रश्नावली ईमेलने पाठवते, ती न वाचता टाकून देऊ नका. छातीवरच्या पट्टीवरचे नाव व विभाग टिपून ठेवा आणि तिथे लिहा. बढती आणि पुढचे कॉन्ट्रॅक्ट ठरवताना ही नावे पाहिली जातात.

प्राजक्त

सर्वांचे मनापासून आभार. वेंगुर्लेकरांचे लाँड्रीविषयीचे परिच्छेद मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. खात्यातली रक्कम तशीच ठेवायची, यावर आता एकमत झाले आहे. स्टुअर्ड, वेटर आणि हेड वेटर यांना मात्र ते स्वतःच्या हाताने वेगळे देणार आहेत, आणि ते त्यांनीच द्यावे, असे आम्हालाही वाटते. फक्त एकच विचारायचे राहिले: स्टुअर्डला केव्हा द्यावे आणि किती?

वेंगुर्लेकर

खात्यातली रक्कम ठेवल्यावर वर किती द्यायचे, याला कुठलेच बंधन नाही. आठवड्याला एका खोलीमागे वीस ते चाळीस डॉलर दिले, तर स्टुअर्ड ते लक्षात ठेवतो, आणि दहा दिले तरी त्याला ते कमी वाटत नाहीत. दहा-वीसच्या नोटा घरूनच न्या. नाणी देऊ नका, ती आम्हाला बदलून घेता येत नाहीत. उतरण्याच्या दिवशी सकाळी देऊ म्हणून थांबलात, तर तो बहुधा दुसऱ्याच बोळात चादरी ओढत असेल आणि तुमची भेट होणार नाही. आदल्या संध्याकाळी तो पलंग लावायला येतो, तेव्हा सासऱ्यांना खोलीतच थांबायला सांगा.