ईस्टरच्या आधी मुलांना घेऊन काय बनवता? घरी ओव्हन नाहीये

दोनपिल्लांचीआई
जय ख्रिस्त सगळ्यांना. २०२६ चा ईस्टर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला तो सण, ५ एप्रिलला आहे आणि मला झावळ्यांच्या रविवारपासूनच, म्हणजे आदल्या रविवारपासूनच, पोरांना हाताशी घेऊन काहीतरी बनवायचंय. मोठी ९ वर्षांची आहे, धाकटा ५ चा. मागच्या वर्षी चॉकलेटची अंडी आणली होती, खाताना धाकट्याने विचारलं, येशूला अंडी आवडायची का गं? मला धड सांगताच आलं नाही, ते मनात राहून गेलंय. मग नेटवर ते मार्शमेलोचे रोल बघितले, म्हणजे पांढरा गोळा हे येशूचं शरीर, त्याला लोणी आणि दालचिनीची साखर लावायची ती सुगंधी द्रव्यं, वरून कणीक गुंडाळायची आणि भाजलं की आतला गोळा वितळून नुसती पोकळी उरते, रिकामी कबर. कल्पना फार आवडली म्हणून परवा कढईत करून बघितले तर कड नीट चिकटली नव्हती, सगळी साखर बाहेर येऊन करपली, धाकटा रडायलाच लागला. गॅस, कुकर, कढई यात होईल असं काही सांगा ना प्लीज, आणि मुलांना त्यातून गोष्ट कळली पाहिजे, नुसतं गोड खाणं नको.

नगरची_बाई
ताई, मार्शमेलो सोडा, पुरी करा. मी नगरला संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्ग, घेते, दोन वर्षं झाली मी ईस्टरच्या सकाळी वर्गात पुऱ्याच तळते. लाटी मुलांनी करायची, आपण तेलात सोडायची, टम्म फुगली की ताटात काढून जरा निवू द्यायची आणि मग एकेकाच्या हातात द्यायची, म्हणायचं उघड. वरचा पापुद्रा फाडला की वाफ निघते आणि आत काही नाही. पहिल्या वर्षी एक मुलगा त्यात बोट घालून सगळीकडून चाचपत बसला आणि म्हणाला, बाई, खरंच कोणी नाही. बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेपाशी गेल्या आणि आत शरीर नव्हतं ही गोष्ट मी तेव्हाच सांगते, आधी नाही, कारण आधी सांगितली तर ते फक्त ऐकतात आणि पुरी फाडताना सांगितली की बघतात. सोबत श्रीखंड द्या, उपास संपलेला असतो.

आणि ईस्टरच्या आधीच्या गुरुवारसाठी, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या दिवसासाठी, वेगळं काही शोधूच नका. बायबलमधली बेखमीर भाकर म्हणजे खमीर (यीस्ट) न घातलेली भाकर, इस्राएली लोकांना मिसरातल्या गुलामीतून घाईने निघायचं होतं, पीठ फुगायची वाट बघायला वेळ नव्हता. आपली पोरं ती रोज खातात. मोठीला विचारा, आपल्या चपातीत यीस्ट असतं का? चेहरा बघा तिचा. सोबत कडू भाजी म्हणून थोडी मेथी ठेवा, मिसरातल्या गुलामीचा कडूपणा.

कोट्टयमची_सून
मी मूळची पुण्याची, सासर मल्याळी सिरियन ख्रिश्चन, म्हणजे केरळातले जुने ख्रिस्ती. आमच्याकडे गुरुवारी रात्री पेसहा अप्पम होतं, पेसहा म्हणजे वल्हांडण, मिसरातून सुटल्याची आठवण. तांदळाच्या पिठात भिजवून वाटलेली थोडी उडीद डाळ, खोबरं, जिरं, छोटे कांदे घालायचे आणि आंबवायचं अजिबात नाही, लगेच ताटलीत ओतून इडलीसारखं वाफवायचं, म्हणजे ओव्हनचा प्रश्नच नाही. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातीचा छोटा क्रूस करून तो वर ठेवतात, हे काम माझ्याकडे मुलांचं, पात जपून ठेवायची जबाबदारीसुद्धा त्यांचीच. सोबत पाल, म्हणजे नारळाचं दूध, गूळ, वेलची, सुंठ, दाटपणाला जरा तांदळाचं पीठ. गूळ विरघळून गार झाला की मगच दूध घाला आणि मंद आचेवर सारखं हलवत राहा, नाहीतर फाटतं. रात्री प्रार्थना होते, मग घरातला मोठा माणूस अप्पम कापून एकेकाला देतो आणि सगळे एकदम गप्प होतात, माझा धाकटा एरवी एक मिनिट गप्प बसत नाही तो पण. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असतं ते करत नाहीत, नातेवाईक नेऊन देतात. सासरे गेले त्या वर्षी आमच्याकडे तीन घरांतून आलं होतं, सासूबाई ते डबे परत करताना खूप रडल्या होत्या.

वसईकर७८
गुड फ्रायडेला हॉट क्रॉस बन करा, म्हणजे वर क्रूस काढलेले मसाल्याचे गोड पाव, वांद्र्याच्या बेकऱ्यांत त्या दिवशी मिळतात पण मुलांसोबत करायची मजा वेगळी. दालचिनी, जायफळ, लवंग हे कबरेतल्या सुगंधी द्रव्यांची आठवण म्हणून. क्रूस मैदा आणि पाण्याच्या घट्टसर पेस्टचा, धुतलेल्या दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून मुलांच्या हातात द्या, वाकडा आला तरी राहू दे. जाड बुडाचा कुकर, खाली मीठ, वर स्टँड, शिट्टी आणि रिंग काढून १० मिनिटं तापवायचा, मग मंद आचेवर साधारण अर्धा तास. वरून रंग कमी येतो, चवीला छान होतात.

मेलबर्नहून
अंड्यांबद्दल तुमच्या मुलाला उत्तर आहे. आमची शेजारीण ग्रीक, ते गुरुवारी अंडी लाल रंगवतात, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त आणि कवच म्हणजे बंद कबर. ईस्टरला एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटून फोडतात, म्हणजे कबर उघडली. रंग घरचाच, ८-१० कांद्यांची सालं आणि चमचाभर व्हिनेगर घालून त्यात अंडी उकडायची, विटकरी लाल येतात. कच्च्या अंड्यावर आधी कोथिंबिरीचं पान चिकटवून मलमलच्या फडक्यात गच्च बांधा, सोडल्यावर पानाची नक्षी उमटलेली असते. शेवटी तेलाचं बोट फिरवा, चमकतात.

दोनपिल्लांचीआई
किती सांगितलंत सगळ्यांनी, खूप आभार!! कांद्याची सालं आजपासून जमवायला घेतली. अप्पम सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मी कापते. नगरच्या बाई, एकच भीती, धाकट्याचीच पुरी फुगली नाही तर?

नगरची_बाई
होतं तसं, आमच्याकडे पण एकीची चपटी राहिली होती, डोळ्यात पाणीच आलं तिच्या. तिची लाटी मी परत केली. कणीक घट्ट मळा, थोडा रवा घाला, लाटताना कडेला आणि मध्ये जाडी सारखी ठेवा, चीर पडू देऊ नका, तेल चांगलं तापलेलं हवं. आणि त्याच्यासाठी दोन लाट्या जास्तीच्या ठेवा.