फॅन लोकांनी चोरून कॉप्या केल्या नसत्या तर 'डॉक्टर हू' आज बघितलं असतं का?

टेपवेडा:
काल इथे एकाने लिहिलंय की कन्व्हेन्शनला, म्हणजे फॅन लोकांच्या मेळाव्याला, 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानमालिकेचे जुने एपिसोड लावणं ही सरळ पायरसी आहे, आणि फॅन लोकांनी रिस्टोरेशनच्या नावाखाली लुडबुड करण्यापेक्षा "गेलं ते गेलं" म्हणून सोडून द्यावं. वाचल्यापासून डोकं सटकलंय म्हणून सविस्तरच लिहितो. अहो, गेलं म्हणजे काय आगीत गेलं का पुरात? बीबीसीने स्वतःच्या हाताने पुसलं. दोन इंची टेप महाग, नटांच्या युनियनशी करार असा की रिपीट मोजकेच दाखवायचे, मग ठेवून करायचं काय, पुसा आणि त्यावर दुसरं काहीतरी घ्या. परदेशात विकायला 16 एमएम फिल्मच्या प्रिंटा काढल्या होत्या त्याही हक्क संपले की नष्ट. 1978 पर्यंत हे चालू होतं, आणि इयन लेव्हिन नावाचा फॅन तिथे जाऊन थडकला तेव्हा डालेकांची (मालिकेतले ते यंत्रात बसलेले खलनायक) पहिलीच गोष्ट मोडीत काढायच्या गठ्ठ्यात होती असं तो सांगतो. साठच्या दशकातले 253 भाग, त्यातले 2013 ला नायजेरियात मिळालेल्या घबाडानंतरही 97 बेपत्ताच राहिले. पण एकाही बेपत्ता भागाचा आवाज गेलेला नाही!! कारण शाळकरी पोरांनी घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून ठेवले होते. ती पण चोरीच ना?

कायद्याने_चाला:
ते लिहिणारा मीच, नाव घ्यायला लाजू नका. घरी टेप करणं वेगळं आणि हॉटेलचा हॉल घेऊन, तिकीट लावून दाखवणं वेगळं. लेखक असतो, नट असतात, त्यांचे वारस असतात. 2023 ला बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर सगळी जुनी मालिका आली, पहिली गोष्ट तेवढी नाही, कारण लेखकाच्या मुलाशी हक्कांवरून फाटलं. तुम्हाला आवडो न आवडो, त्याचा अधिकार आहे. "आम्ही प्रेमाने चोरतो" ही सबब कुठल्या कोर्टात चालते सांगा.

लेस्टरकर:
कोर्टाचं राहू दे रे. मी इकडे इंग्लंडला शिकायला आलो तेव्हाचं सांगतो, कन्व्हेन्शनमध्ये रात्री एका खोलीत व्हिडिओ लावायचे, ऑस्ट्रेलियातून कोणीतरी कोणालातरी पाठवलेल्या कॉपीची कॉपीची कॉपी. सायबरमन (मालिकेतला यंत्रमानव) आहे का दुधाची किटली हे कळायचं नाही, वर पट्टे सरकतायत, आणि खोलीत उभं राहायला जागा नाही. त्यातलेच दोघं-तिघं पुढे "याचा चांगला प्रिंट कुठेतरी असणारच" म्हणून देशोदेशीच्या स्टेशनांना पत्रं लिहीत बसले. हे वकिलांनी केलेलं ऐकलं नाही कधी.
आणि कन्व्हेन्शनचं म्हणाल तर 1966 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला भरलेल्या वर्ल्डकॉन या विज्ञानकथा मेळाव्यात खुद्द रॉडनबेरीने स्टार ट्रेकचे पायलट, म्हणजे नमुन्याचे भाग, लोकांना दाखवले, मालिका टीव्हीवर यायच्या काही दिवस आधी. त्यातल्या पहिल्या पायलटची, 'द केज'ची, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट तर तो नंतर कितीतरी वर्षं कन्व्हेन्शनांना घेऊन फिरत होता. पूर्ण रंगीत टीव्हीवर आलं 1988 ला.

कायद्याने_चाला:
रॉडनबेरी मालिकेचा बाप होता हो. तुम्ही कोण?

खरखर_हवी:
मला दाखवण्याबद्दल काही म्हणायचं नाही, खुशाल दाखवा, पण हे जे "रिस्टोर" करून आणतात ना त्याने चीड येते. मागे एका स्क्रीनिंगला गेलो तर कोणीतरी घरी एआयने अपस्केल केलेलं लावलं होतं, पहिला डॉक्टर झालेल्या हार्टनेलचा चेहरा मेणाचा, मागच्या बाईला दात एकच सलग, आणि लोक टाळ्या वाजवतायत. जुनं जुन्यासारखं दिसू दे की. तुमचं ते विडफायर, फिल्मच्या कॉपीला परत व्हिडिओसारखी हालचाल देणारं तंत्र, पण त्यातलंच, हालचाल अशी गुळगुळीत की दुपारची सासूसुनेची मालिका बघतोय असं वाटतं.

टेपवेडा:
एआयचं शंभर टक्के मान्य. पण विडफायरला त्यात ओढलंत तर भांडण होणार. मूळ शूटिंग स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर, सेकंदाला 50 फील्ड, म्हणजे अर्धी अर्धी चित्रं. विकायची प्रिंट काढताना मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावायचे तेव्हा झाल्या 25 फ्रेम. म्हणजे 1965 च्या प्रेक्षकाने ती गुळगुळीत हालचालच पाहिली होती, तुम्ही ज्याला "जुनं" म्हणताय ती कॉपीतली खोट आहे!

खरखर_हवी:
मधली फील्ड कॉम्प्युटरनेच बनवलेली ना? मग ती 1965 ची कशी? एआयने बनवलं की पाप आणि तुमच्या लाडक्या रिस्टोरेशनवाल्या टीमने बनवलं की पुण्य.

टेपवेडा:
दोन खऱ्या फ्रेममधली हालचाल मोजून मधलं काढणं आणि नसलेले दात लावणं यात फरक कळत नसेल तर नमस्कार. आणि 'डॉक्टर हू'चीच 'माइंड ऑफ एव्हिल' ही गोष्ट बघा एकदा. रंगीत टेप पुसलेली, हातात फक्त काळीपांढरी फिल्म. पण रंगीत सिग्नल ब्लॅक अँड व्हाइट मॉनिटरवर दिसताना रंगाची माहिती बारीक ठिपक्यांच्या नक्षीत उमटते, ती त्या फिल्मवर तशीच राहिली होती. ठिपके वाचून मूळचा रंग बाहेर काढला, अंदाजाने फासला नाही.

खरखर_हवी:
पहिला भाग सोडून. त्यात ठिपकेच नव्हते, तो हाताने रंगवला. हे सोयीस्कर विसरलात.

टेपवेडा:
विसरलो नाही, तुम्ही काढताय का बघत होतो. हाताने रंगवला आणि तसं उघड सांगितलं. 2023 मध्ये बीबीसीने स्वतः डालेकांच्या सात भागांचे 75 मिनिटं केले, रंग फासला, नवं संगीत घातलं, तेव्हा हक्कवाले म्हणून सगळं माफ का?

पेठेतला_परग्रही:
तुमचं विलायती सुतक चालू द्या, पण आपल्याकडच्या दूरदर्शनवरच्या 'स्पेस सिटी सिग्मा' या विज्ञानमालिकेबद्दल कोणी बोलणार आहे का? माझे मामा दूरदर्शनच्या एका केंद्रावर होते, सांगायचे की टेप कमी पडल्या की कपाटातली जी हाताला लागेल ती घ्यायची, वर लेबलसुद्धा नवं चिकटवायचे नाहीत, जुनंच खोडून लिहायचं. तिथे कुठला फॅन माइक धरून बसला होता?

लेस्टरकर:
वेगळा धागा काढ ना बाबा, मी पहिला येतो तिथे. आपल्याकडेही कोणाच्या तरी माळ्यावर व्हीएचएस असणार, विचारायला हवं लोक आहेत तोवर.

कायद्याने_चाला:
आता फॅन इतके पवित्र आहेत तर 'वेब ऑफ फियर' या 'डॉक्टर हू'च्या गोष्टीचा तिसरा भाग कुठाय? 2013 ला नायजेरियाच्या जोसमधून बाकीचे मिळाले, हा नाही. शोधणारा म्हणतो आधी होता, मधल्या काळात गायब झाला. कोणाच्या कपाटात गेला असेल, पोस्टमनच्या?

टेपवेडा:
दाबून ठेवणाऱ्यांची बाजू मी कधीच घेतलेली नाही. प्रिंट कपाटात ठेवून मिरवणारा माणूस माझ्या लेखी पुसणाऱ्याच्याच पंगतीतला.

लेस्टरकर:
यात ऑस्ट्रेलियाचा सेन्सॉर मात्र सगळ्यात भारी. मुलांना भीती वाटेल म्हणून मारामारीचे तुकडे कापले आणि नियम म्हणून फाइलला जपून ठेवले. एपिसोड गेले, कापलेले तुकडे राहिले, 1996 ला तिथल्या फॅन लोकांनी सरकारी दप्तरातून काढले. घ्या कायदेवाले, तुमच्या बाजूचा एक मुद्दा फुकट दिला.

कायद्याने_चाला:
आभारी आहे, फ्रेम करून लावतो. बरं, ज्याची डिस्क बाजारात मिळत नाही आणि तिकीटही नाही असं काही दाखवत असाल तर मी तक्रार करायला येणार नाही. याच्यापुढे एक इंच सरकणार नाही.

खरखर_हवी:
आणि विडफायर बंद करून दाखवणार असाल तर मीपण येतो.

टेपवेडा:
तुम्ही घरीच थांबा.